ट्रेडमिल : तुरुंगांतून दिवाणखान्यांत

ज्या गांवीं पाऊस चार-चार महिने मुक्काम ठोकून बसतो, त्या गांवच्या धांवणाऱ्यानें काय करावें? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसेल. परंतु घोटीसारख्या ठिकाणीं तो दर वर्षीं मृगाच्या पहिल्या सरीबरोबर दारांत येऊन उभा राहतो. शेजारच्या इगतपुरीस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. तेथून पन्नास किलोमीटरांच्या आंत असलेल्या नाशिक शहरास त्याचा तिसरा हिस्सा मिळणेंहि कठीण. घोटी या दोहोंच्या मध्यें असली तरी पावसाच्या बाबतींत तिचा ओढा इगतपुरीकडे. ज्या पावसानें येथील भाताचीं खाचरें भरतात आणि भातगिरण्यांना काम मिळतें, त्याच पावसानें येथील धांवणाऱ्याची वाट बंद होते. खाचरांचे बांध निसरडे. आणि पक्का रस्ता म्हणावा तर तो मुंबई-आग्र्याचा हमरस्ता, ज्यावर पहाटेच्या अंधारांत व धुक्यांत पायीं धांवणें म्हणजे जीव मुठींत घेणें होय. समृद्धि महामार्ग इगतपुरीपासून मुंबईच्या बाजूस २०२५ च्या जून महिन्यांत पुरा झाला खरा. पण तो मोटारींचा मार्ग, पायांचा नव्हे.

हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा असता तर त्यावर पानें खर्चण्याचें कारण नव्हतें. परंतु या भागांतील पुष्कळ मुलामुलींच्या दृष्टीनें धांवणें ही पोटाची बाब आहे. पोलीसभरतीच्या मैदानी चाचणींत मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धांवावें लागतें. आणि २०२४ सालची चाचणी तर ऐन जून महिन्यांत, पावसाच्या तोंडावर सुरू झाली. अशा घरांतून, तशाच ज्या घरांतील वडीलधाऱ्यांस डॉक्टरांनीं रोज चालावयास सांगितलें आहे त्या घरांतूनहि, हल्लीं एक प्रश्न ऐकूं येतो : घरीं ट्रेडमिल घ्यावी काय, आणि घ्यावी तर कितीची? दुकानदाराच्या पत्रकांत याचें सरळ उत्तर सांपडत नाहीं. तेथें मोटरची शक्ति, पट्ट्याची लांबी, चढ, गति, बारा-पंधरा ठरीव कार्यक्रम, संगीताची सोय, असें सर्व कांहीं एका रांगेंत मांडलेलें असतें. जणूं प्रत्येकाचें मोल सारखेंच. या यंत्राचा इतिहास पाहिला म्हणजे मात्र ध्यानांत येतें कीं, त्याचा एकेक भाग निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या माणसांकरितां बसविला गेला, आणि त्यांपैकीं फारच थोडे भाग धांवणाऱ्याकरितां होते. पैसे मोजण्यापूर्वीं कोणता भाग कोणाकरितां जन्मला हें पाहून घेतलेलें बरें.

पायांच्या जोरानें चाक फिरविण्याची कल्पना फार जुनी आहे. रोमन लोक मोठाल्या शिळा उचलण्याकरितां पोकळ चाकाच्या आंत माणसें चालवीत. रोम येथील हातेरी कुटुंबाच्या समाधीवरील कोरीव चित्रांत असें यंत्र आजहि पाहावयास मिळतें. आपल्याकडे कोंकणांतील आगरांत पाणी काढण्यास पायरहाट असे. अमेरिकेंतील शेतकरी उतरत्या पट्ट्यावर घोडा चालवून मळणी करीत, आणि लहान पट्ट्यावर कुत्रा चालवून लोणी काढीत. या सर्वांत एक गोष्ट समान होती. पायांच्या श्रमांतून कांहीं तरी हातीं येत असे : पाणी, धान्य, लोणी. श्रमांतून कांहींहि हातीं येऊं नये अशी तजवीज करण्याचा मान एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडास द्यावा लागतो.

विल्यम क्युबिट हा नॉर्फोक परगण्यांतील एका गिरणीवाल्याचा मुलगा. पुढें तो नामांकित इंजिनिअर झाला. लंडनच्या १८५१ सालच्या महाप्रदर्शनाकरितां उभारलेल्या काचमहालाच्या बांधकामावर त्यानें देखरेख केली व त्याबद्दल त्यास 'सर' ही पदवी मिळाली. परंतु त्याच्या कितीतरी अगोदर त्याची कीर्ति तुरुंगाच्या वाटेनें सर्वत्र गेली होती. रिकाम्या बसणाऱ्या कैद्यांस कामाला कसें लावावें, या विवंचनेंतून १८१८ च्या सुमारास त्यानें एक लांबलचक आडवें चाक आंखलें. चाकाच्या भोंवतीं फळ्यांच्या पायऱ्या. कैद्यांनीं ओळीनें उभें राहून वरची दांडी धरावी आणि पायरीवर पाऊल ठेवावें. अंगाच्या भारानें ती पायरी खालीं जाई, आणि लगेच दुसरी तिच्या जागीं येई. चढावयाचें अखंड, आणि पोंचावयाचें कोठेंच नाहीं. १८२१ सालीं लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगांत असें चाक बसलें व त्यावर धान्य दळूं लागले. पुढच्याच वर्षीं तें न्यूयॉर्कास पोंचलें. गिरणीवाल्याच्या मुलाला चाकाखेरीज दुसरें काय सुचणार, असें घोटीच्या एखाद्या भातगिरणीवाल्यानें म्हटलें तर त्यास नांवें ठेवतां येणार नाहींत.

पुष्कळ तुरुंगांत दळण्यास धान्यहि नसे. तेथें चाकाचा आंस छपरावरील मोठ्या पंख्यास जोडीत. पंखा हवेस अडे आणि तेवढ्यानें चाक जड होई. याला तेथील लोक वारा दळणें म्हणत, आणि याहून नेमकें नांव आम्हांसहि सुचत नाहीं. १८६५ च्या तुरुंगाच्या कायद्यानें सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या सोळा वर्षांवरील पुरुषांस निदान तीन महिने अशा कठोर श्रमांत घालविणें भाग पाडलें. पुढें दिवसाचें जें माप ठरलें तें असें : पंधरा मिनिटें चाकावर, पांच मिनिटें विसावा, असे सहा तास, आणि एकंदर चढाई ८६४० फूट. घोटीच्या दक्षिणेस असलेलें कळसूबाईचें शिखर, जें महाराष्ट्रांतील सर्वांत उंच, तें समुद्रसपाटीपासून सुमारें ५४०० फूट आहे. म्हणजे कैद्यानें थेट समुद्रकांठावरून निघून कळसूबाईचा माथा गांठावा, आणि तेथें न थांबतां आणखी निम्म्याहून अधिक चढावें. तेंहि रोज, तोंडासमोर नुसती फळी ठेवून, शेजाऱ्याशीं एक शब्दहि न बोलतां.

इंग्रजांच्या वसाहतींतहि हें चाक गेलें. १८३४ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाल्यावर जमैका बेटांतील मळेवाल्यांस चाबकाचा उपयोग पूर्वींसारखा मोकळेपणीं करतां येईना. तेव्हां तेथील सुधारगृहांतील पायचाकांस बरकत आली. नांवानें स्वतंत्र झालेल्या स्त्रीपुरुषांस त्यांवर चढविलें जाई. खुद्द इंग्लंडांत १८९५ सालीं ऑस्कर वाइल्ड या नाटककारास सक्तमजुरीची शिक्षा झाली, तेव्हां त्यालाहि आरंभीं हेंच चाक मिळालें. अखेर १८९८ च्या कायद्यानें तेथील तुरुंगांतून या चाकाचें उच्चाटन सुरू झालें व थोड्याच वर्षांत तें दिसेनासें झालें. ऐंशी वर्षें माणसें अशीं राबविल्यावर त्यांच्या मनांत सुधारणा झाल्याचें कोणासहि दाखवितां आलें नाहीं.

हिंदुस्थानांतील तुरुंगांच्या शिस्तीचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या ज्या समितीनें १८३८ सालीं अहवाल दिला, तींत मेकॉलेहि होता; आणि तिचाहि कल कैद्यास निरस व कंटाळवाणे श्रम द्यावे याच बाजूस होता. येथें ते श्रम बहुधा जात्याच्या व घाण्याच्या रूपानें आले. घोटीहून रेल्वेनें नाशिकच्या बाजूस जातांना भगूर लागतें. त्या गांवीं जन्मलेल्या विनायक दामोदर सावरकरांस १९११ सालीं अंदमानांत नेलें, आणि तेथें बैलाच्या जागीं माणूस जुंपून कोलू फिरवावा लागे, दिवसाकाठीं तीस पौंड तेल गाळून द्यावें लागे, ही हकिकत 'माझी जन्मठेप' या त्यांच्या पुस्तकामुळें मराठी घरांस परिचयाची आहे. कोलू आणि पायचाक हीं एकाच विचाराचीं दोन लेंकरें. फरक इतकाच कीं, कोलूंतून निदान तेल निघे, आणि तें सरकारास विकतां येई.

तुरुंगांतील या यंत्राकडे खरेदीदाराच्या नजरेनें पाहिलें तर कांहीं गमतीच्या गोष्टी दिसतात. त्याची गति चालणाऱ्याच्या हातीं नव्हती. थांबविण्याची कळ नव्हती. मोजमाप सर्व होतें, पण तें पाहण्याचा अधिकार पहारेकऱ्यास. चालणारा एक, आणि हिशेब ठेवणारा दुसरा, ही या यंत्राची मूळ रचना होय. पुढें यंत्र तुरुंगांतून निघून प्रयोगशाळेंत गेलें तरी ही रचना बराच काळ टिकली.

बर्लिनचा शरीरशास्त्रज्ञ नाथान त्सुंट्स यानें १८८९ सालीं लेमान या सहकाऱ्याबरोबर सपाट फिरत्या पट्ट्याचें यंत्र तयार करविलें. घोडा चालत असतां किती श्वास घेतो, किती शक्ति खर्च करतो, हें त्यास एका जागीं उभें राहून मोजावयाचें होतें. तोंडाची नळी व उपकरणें घेऊन घोड्यामागें धांवणें शक्य नव्हतें, म्हणून जमीनच घोड्याखालून धांवविली. येथें पायऱ्यांचें चाक जाऊन पट्टा आला. आजच्या ट्रेडमिलचा खरा पूर्वज तो हा. १९१३ सालीं अमेरिकेंत क्लॉड हेगन याच्या नांवें शरीर कमावण्याच्या अशाच एका पट्ट्याच्या यंत्राचें पेटंट नोंदलें गेलें. परंतु लोकांनीं त्याचें फारसें स्वागत केल्याचें दिसत नाहीं. १९२७ सालीं हार्वर्ड येथें निघालेल्या श्रमविषयक प्रयोगशाळेंत पट्ट्यावर धांवणारीं माणसें वीस वर्षें मोजलीं गेलीं.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत मात्र या यंत्राचा शिरकाव झाला तो हृदयविकाराच्या वाटेनें. टी.एम.टी. हीं तीन अक्षरें ठाऊक नाहींत असें घर आज विरळा. १९५२ सालीं सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत डॉक्टर रॉबर्ट ब्रूस व वेन क्विंटन यांनीं मोटरवर चालणारी ट्रेडमिल रुग्णाच्या तपासणीकरितां बनविली. त्यापूर्वीं हृदयाची परीक्षा बहुधा स्वस्थ निजलेल्या माणसावर होई, आणि जें दुखणें श्रमांच्या वेळींच डोकें वर काढतें तें निजलेल्या माणसांत लपून राही. ब्रूसनें रुग्णास चालविलें व चालतांनाच आलेख काढला. १९६३ सालीं त्यानें प्रसिद्ध केलेला क्रम अजून इस्पितळांतून चालू आहे : आरंभीं ताशीं २.७ किलोमीटर गति आणि शेंकडा १० चढ, व दर तीन मिनिटांनीं दोन्हींत वाढ.

शेंकडा १० चढ म्हणजे किती, हें घोटीच्या माणसास समजावून देण्याचें साधन जवळच आहे. कसाऱ्याहून इगतपुरीस येणारा थळघाटांतील लोहमार्ग १८६५ सालीं सुरू झाला. ज्या वर्षीं विलायतेंत कैद्यांस चाकावर चढविण्याचा कायदा झाला तेंच हें वर्ष. या घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट, म्हणजे शेंकडा २.७ आहे, आणि तेवढ्यास गाडीला मागून जादा इंजिनें लावावीं लागतात. टी.एम.टी.च्या पहिल्याच पायरीला रुग्णापुढें थळघाटाच्या साडेतीनपट उभा चढ येतो. पत्रकांत 'चढ शेंकडा १५ पर्यंत' असें छापलेलें असतें त्याचा अर्थ यावरून कळावा. हा भाग धांवणाऱ्याकरितां आला नाहीं. हृदयास थोड्या वेळांत दमविण्याकरितां आला. डोंगर चढण्याचा सराव करणाऱ्यास, किंवा गुडघ्यांमुळें ज्यास वेगानें धांवतां येत नाहीं पण दम वाढवावयाचा आहे अशास, तो उपयोगी पडतो. एरवीं त्यास दहा-पंधरा हजार जादा देण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. एक अपवाद सांगितला पाहिजे. बंद खोलींत पट्ट्यावर धांवणाऱ्यास समोरचा वारा कापावा लागत नाहीं, म्हणून तेंच अंतर थोडें सोपें जातें. जोन्स व डाउस्ट या दोन संशोधकांनीं १९९६ सालीं दाखवून दिलें कीं, पट्टा शेंकडा १ नें चढता ठेवला म्हणजे हा फरक भरून येतो. एवढा चढ अगदीं स्वस्त यंत्रांतहि हातानें मागील अथवा पुढील पाय वरखालीं करून बहुधा देतां येतो.

घरीं ठेवण्याजोगी ट्रेडमिल निघाली ती यानंतर. अमेरिकेच्या वायुदलांतील डॉक्टर केनेथ कूपर यांचें 'एरोबिक्स' हें पुस्तक १९६८ सालीं प्रसिद्ध झालें. आठ मिनिटांत मैल धांवणाऱ्याची प्रकृति उत्तम राहील, अशा धर्तीचें त्यांतील प्रतिपादन विल्यम स्टॉब या यांत्रिक इंजिनिअरानें वाचलें. सामान्य कुटुंबास परवडेल असें घरगुती यंत्र बाजारांत नाहीं हें पाहून त्यानें स्वतःच एक बनविलें : पोलादी चाळीस रूळ, त्यांवर नारिंगी रंगाचा पट्टा, आणि वेळ व गति ठरविण्याच्या दोन कळा. त्याचें नांव पेसमास्टर ६००. स्टॉब २०१२ सालीं ९६ वर्षांचा होऊन वारला. त्या दोन कळांतून एक मोठा पालट झाला. प्रथमच गति ठरविणारा आणि चालणारा एक झाला. हिशेबाची वही पहारेकऱ्याच्या व डॉक्टरच्या हातून चालणाऱ्याच्या हातीं आली. इतिहासांतील याच पायरीवर हें यंत्र विकत घेण्याजोगें झालें, असें आमचें मत आहे.

महाराष्ट्रांत या यंत्राची गरज सर्वांस एकदम जाणवली ती २०२० सालीं. मार्च महिन्यांत टाळेबंदी झाली. राज्यांतील व्यायामशाळा बंद झाल्या त्या २५ ऑक्टोबरच्या दसऱ्यास उघडल्या. त्या सात महिन्यांत ज्यांनीं घाईनें यंत्रें घेतलीं त्यांतील पुष्कळांनीं पत्रकावरील सर्वांत मोठा आंकडा पाहून घेतलीं. आतां घाई नाहीं. म्हणून आंकडे नीट वाचूं.

आजच्या बाजारांत साधारणतः चार पायऱ्या दिसतात. पंचवीस हजारांच्या आंतबाहेर जीं यंत्रें मिळतात तीं, आणि पलंगाखालीं सरकणारे वॉकिंग पॅड, हीं दोन्ही चालण्याकरितां आहेत. त्यांची गति आठ-दहा किलोमीटरांवर संपते, पट्टा चाळीस-पंचेचाळीस इंच लांब. तीस ते साठ हजारांत गति बारा ते सोळापर्यंत जाते व पट्टा पन्नास इंचांच्या जवळपास येतो. ऐंशी हजारांपासून दीड लाखापर्यंत अठरा-वीस किलोमीटरांची गति व पंचावन्न इंच किंवा अधिक लांबीचा पट्टा मिळूं लागतो. त्यावर व्यायामशाळेच्या धर्तीचीं जड यंत्रें, ज्यांची किंमत दोन-तीन लाखांस सहज भिडते. किंमती सणासुदीस वरखालीं होतात. पण पायऱ्या याच.

या पायऱ्यांवर आपल्या भरतीच्या मुलास उभा करून पाहूं. १६०० मीटरांत ज्यास पुरे गुण हवेत त्यानें पांच मिनिटांच्या आसपास आलें पाहिजे; याचा अर्थ ताशीं एकोणीस किलोमीटर. ८०० मीटर तीन मिनिटांच्या आंत करावयाचे तर मुलीस ताशीं सोळाहून अधिक गति हवी. आपल्याच जिल्ह्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनीं २०१० च्या ग्वांगझू येथील आशियाई सामन्यांत दहा हजार मीटरांचें रौप्यपदक मिळविलें तें बत्तीस मिनिटांच्या आंत. ही सरासरी ताशीं जवळजवळ एकोणीस किलोमीटर पडते, आणि ती अर्धा तास राखावयाची. यावरून उघड होईल कीं, चाळीस हजारांच्या यंत्रावर भरतीच्या गतीचा सराव होणारच नाहीं. यंत्राची गति जेथें संपते तेथें मुलाची चाचणी अजून सुरूहि झालेली नसते. असें यंत्र घेऊन मुलगा वेगवान होईल या आशेवर जो बाप कर्ज काढतो, त्यास कोणी तरी हें आधीं सांगावयास हवें. मग त्या यंत्राचा उपयोग नाहींच काय? आहे. वेगाचा सराव आठवड्यांतून एक-दोन दिवसच करावयाचा असतो. उरलेले दिवस मंद गतीनें लांब धांवण्याचे. दहा-बारा किलोमीटरांच्या गतीनें अर्धा-पाऊण तास धांवणें हें पावसाळ्यांत चुकतें, आणि दम जातो तो तेवढ्यानेंच. तेवढें काम मधल्या किंमतीचें यंत्र इमानें करील. वेगाचा दिवस मात्र पाऊस उघडेल तेव्हां मैदानावरच गांठावा.

हें इमान पाहावयाचें तर मोटर पाहावी. पत्रकांत 'चार अश्वशक्ति' असें ठळक अक्षरांत असतें व त्याखालीं बारीक अक्षरांत 'पीक' असा शब्द असतो. पीक म्हणजे क्षणभर निघणारा जास्तींत जास्त जोर. आपणांस हवा तो जोर अर्धा तास अखंड टिकणारा. त्याचा आंकडा निराळा असतो, आणि तो बहुधा पिकाच्या निम्म्यावर असतो. दुकानदारास हाच आंकडा विचारावा. न सांगेल तर एक घरगुती हिशेब आहे. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॉट; घरांतील साध्या सहा अँपियरच्या प्लगमधून १३८० वॉटांहून अधिक वीज घेतां येत नाहीं. तेव्हां जें यंत्र साध्या प्लगवर चालतें त्याची अखंड शक्ति दोन अश्वशक्तिसुद्धां नाहीं, मग वर कांहींहि छापलेलें असो. चालणाऱ्यास दीड पुरे. धांवणाऱ्यानें अखंड दोनच्या खालीं जाऊं नये, आणि अंगानें भारी असल्यास अडीच-तीन पाहावी.

दुसरी गोष्ट पट्ट्याची लांबी. पत्रकांत ती शेवटच्या ओळींत असते, आणि आमच्या मतें ती पहिल्या ओळींत असावयास हवी. ताशीं पंधरा किलोमीटरांनीं धांवणाऱ्याचें एकेक पाऊल सव्वा मीटराहून लांब पडतें. आंखूड पट्ट्यावर तो नकळत पाऊल आंखडतो, पुढच्या झांकणास पाय लागेल या भीतीनें मागें राहतो, आणि मागें गेल्यावर पडण्याची भीति. चार महिने आंखडलेल्या पावलानें धांवलेला मुलगा मैदानावर आला म्हणजे त्याचें पाऊलच बदललेलें असतें. म्हणून चालण्यास पंचेचाळीस इंच चालतील, धांवण्यास पंचावन्नच्या जवळ जावें. उंच माणसानें साठ. यासाठीं पडद्याचा आकार, ध्वनिक्षेपक, ठरीव कार्यक्रम यांवर पाणी सोडावें लागलें तरी सोडावें. छत्तीस कार्यक्रमांपैकीं पहिल्या आठवड्यानंतर कोणी दुसरा कार्यक्रम लावल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं.

यंत्राची किंमत पत्रकावर संपत नाहीं, विशेषतः घोटीसारख्या दमट हवेंत. पट्ट्याखालीं वेळोवेळीं सिलिकोन तेल द्यावें लागतें. तें न दिल्यास घर्षण वाढून मोटर तापते. यंत्र ओलीच्या भिंतीस टेकवून ठेवूं नये, व अर्थिंग नीट आहे कीं नाहीं हें वायरमनकडून पाहून घ्यावें, कारण घामानें भिजलेला माणूस व लोखंडी सांगाडा यांची गांठ आहे. वीज गेली म्हणजे पट्टा थांबतो आणि धांवणारा थांबत नाहीं. पावसांत वीज जाणें हें आपल्याकडे नवल नव्हे. म्हणून बाजूच्या दांड्या भक्कम व कंबरेच्या उंचीच्या असलेलेंच यंत्र घ्यावें. कपड्यास अडकविण्याची लाल दोरीची किल्ली मुलें खेळणें समजून हरवतात, ती जपावी. पडल्यावर पट्टा आपोआप थांबतो तो तिच्यामुळें. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनीं खालच्या बिऱ्हाडाचाहि विचार करावा. आणि खरेदीपूर्वीं विचारावें कीं, बिघडल्यास दुरुस्तीस माणूस घोटीपर्यंत येतो, कीं पन्नास-साठ किलो वजनाचें यंत्र टेंपोंत घालून नाशिकला न्यावें लागतें. हा भाडेखर्च पत्रकांत नसतो.

राहतां राहिलीं वापरलेलीं यंत्रें. ट्रेडमिल घेणाऱ्या घरांत ती पहिल्या वर्षानंतर कोणत्या कामास येते, हें वाचकांस आम्ही सांगावयास नकोच. पावसाळ्यांत जेथें कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहींत, तेथें दोन्ही बाजूंस दांड्या असलेलें भक्कम यंत्र दिवाणखान्यांत उभें असलें म्हणजे त्यावर ओलीं धोतरें व चादरी न पडल्या तरच आश्चर्य. अशीं यंत्रें नव्याच्या निम्म्या किंमतींत व त्याहून कमींतहि मिळतात, आणि आमची सल्ला अशी कीं, धांवणाऱ्यानें पंचवीस हजारांचें नवें घेण्याऐवजीं मोठ्या पायरीवरचें वापरलेलें शोधावें. पाहतांना पट्टा कडेला झिजला आहे काय, फळी मध्यें खोलगट झाली आहे काय, आणि ताशीं बाराच्या गतीवर दहा मिनिटें स्वतः धांवल्यावर मोटरजवळ जळका वास येतो काय, या तीन गोष्टी तपासाव्या. शोध घ्यावा तो दिवाळीनंतर; त्या दिवसांत रस्ते कोरडे असतात, दोऱ्यांवर कपडे वाळतात, आणि मालकास आपल्या खोलींतली जागा परत हवी असते.